दुसऱ्याला किती गुण द्यायचे? शर्यतींच्या विजेतेपदाचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२४ च्या मोटोजीपी (मोटारसायकलींच्या जागतिक शर्यती) हंगामात फ्रान्चेस्को बान्यायाने रविवारच्या ११ मुख्य शर्यती जिंकल्या, होर्हे मार्टिनने फक्त ३. तरी जगज्जेता मार्टिन झाला, ५०८ विरुद्ध ४९८ गुणांनी. २०२५ ला फॉर्म्युला वनमध्ये मॅक्स व्हर्स्टॅपनचे ८ विजय आणि लँडो नॉरिसचे ७, पण विजेतेपद नॉरिसला, तेही २ गुणांनी. मग गुणपद्धतच चुकीची नाही का? ज्याचे विजय जास्त तो विजेता, असं सरळ का करत नाहीत? आणि तसं करायचं नसेल तर गुण द्यायचे तरी कसे?

मी देशातल्या कार आणि कार्टिंगच्या शर्यतींत बरीच वर्षं स्कोअरिंगच्या टेबलावर बसलो, पुढे स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचा पंच, म्हणून काम केलं, हंगामाची नियमावली लिहिण्याचं कामही अनेकदा वाट्याला आलं. या विषयावर सगळेच हिरिरीने भांडतात, आणि त्या भांडणात एक गोष्ट हमखास सुटते. गुणतक्ता हंगामाआधी जाहीर झालेला असतो. ड्रायव्हरला तो पाठ असतो, टीमचे डावपेच त्यावरच बेतलेले असतात. निकालाचा हिशेब होतो नंतर. त्याच्या कितीतरी आधी तक्त्याने ड्रायव्हरला सांगून ठेवलेलं असतं की कुठे धोका पत्करायचा आणि कुठे गाडी सांभाळून आणायची. म्हणून एखादा तक्ता चांगला की वाईट हे पारखायचं असेल तर हंगामाअखेरची यादी बाजूला ठेवा. शर्यतीच्या शेवटच्या पाच लॅप (ट्रॅकच्या चकरा) उरल्यात, समोरची गाडी अर्ध्या सेकंदावर आहे, अशा वेळी दुसऱ्या नंबरवरच्या माणसाला तो तक्ता काय करायला सांगतो, ते बघा.

आज फॉर्म्युला वनमध्ये पहिल्याला २५ गुण आहेत, दुसऱ्याला १८. ओव्हरटेक जमलं तर ७ गुणांची कमाई. नाही जमलं, चाकाला चाक लागलं, गाडी रेतीत रुतली, तर पदरातले १८ गेले. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कधी लागावं? यशाची शक्यता शंभरात ७२ पेक्षा जास्त असेल तेव्हा. हा आकडा काढायला फार गणित लागत नाही: दुसऱ्याचे गुण भागिले पहिल्याचे गुण. १८ भागिले २५, म्हणजे ७२ टक्के. प्रत्यक्षात फसलेला प्रत्येक प्रयत्न शून्यावर संपत नाही, कधी तिसरा-चौथा नंबर हाती राहतो, त्यामुळे खरा उंबरठा याहून थोडा खाली असतो. पण दोन पद्धतींची तुलना करायला एवढा एक आकडा पुरतो. नवीन गुणतक्ता समोर आला की मी आधी हा भागाकार करतो.

फॉर्म्युला वनचा इतिहास या चष्म्यातून बघा. १९५० ला विजेतेपद सुरू झालं तेव्हा पहिल्या पाचांना ८-६-४-३-२ गुण होते. उंबरठा ७५ टक्के. १९६१ पासून पहिल्याला ९ केले, दुसऱ्याचे ६ तसेच ठेवले: ६७ टक्के. १९९१ ला १०-६ झालं: ६० टक्के. दुसऱ्या नंबरवर समाधान मानणं एवढं महाग आधी कधी नव्हतं, नंतरही झालं नाही. मग २००२ ला मायकेल शूमाकरने १७ पैकी अकराव्याच शर्यतीत, जुलैमध्ये फ्रान्समधल्या मॅन्यी-कूरला, विजेतेपद खिशात घातलं. पुढच्या सहा शर्यतींत विजेतेपदापुरतं बघण्यासारखं काही उरलं नाही. लगेच २००३ ला तक्ता १०-८-६-५-४-३-२-१ असा झाला. हेतू होता की अंतर वाढू नये, चुरस शेवटपर्यंत टिकावी. चुरस टिकली: शूमाकरचे ६ विजय, किमी रायकोननचा १, आणि तरी जपानमधल्या सुझुकाच्या शेवटच्या शर्यतीनंतर दोघांत फरक फक्त २ गुणांचा. पण उंबरठा एका झटक्यात ६० वरून ८० वर गेला. दुसऱ्या नंबरवर असलेल्या शहाण्या ड्रायव्हरने हल्ला करायला आता फारसं कारणच उरलं नाही.

२०१० च्या बदलाची गोष्ट याहून बोलकी आहे. आधी जाहीर झालेला नवा तक्ता २५-२०-१५ असा सुरू होत होता. भागाकार करा: पुन्हा ८०. आकडे मोठे झाले, सल्ला तोच राहिला. हंगाम सुरू व्हायच्या आत तो बदलून २५-१८-१५-१२-१०-८-६-४-२-१ केला, आणि तोच आजवर चालू आहे. त्या दोन गुणांच्या बदलाची फारशी चर्चा झाली नाही. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत फॉर्म्युला वनच्या गुणपद्धतीत झालेली सर्वांत चांगली दुरुस्ती तीच.

मोटोजीपीने मात्र १९९३ पासून २५-२०-१६-१३-११ अशी उतरंड धरून ठेवली आहे, म्हणजे ८० टक्के. तिची टोकाची फळं दिसलीही आहेत. १९९९ ला १२५ सीसी गटात एमिलिओ अल्झामोरा हंगामात एकही शर्यत न जिंकता जगज्जेता झाला, मार्को मेलान्द्रीपेक्षा एका गुणाने पुढे राहून. २०२० ला जोआन मीर मोटोजीपीचा विजेता झाला तो एका विजयावर.

अमेरिकेतल्या नॅसकारचं उदाहरण तर प्रत्येक नियम लिहिणाऱ्याने अभ्यासावं असं आहे. तिथे १९७५ ते २००३ पर्यंत पहिल्याला १७५ गुण आणि दुसऱ्याला १७० असत. आघाडीवर राहिल्याचे थोडे बोनस गुण सोडले तर उंबरठा ९७ टक्के. म्हणजे हल्ला करूच नका, गाडी फक्त शेवटच्या रेषेपर्यंत न्या. २००३ ला मॅट केन्सेथ एका विजयावर चॅम्पियन झाला आणि ८ शर्यती जिंकणारा रायन न्यूमन सहाव्या नंबरवर राहिला. लोक चिडले. मग २००४ पासून हंगामाअखेरीस बाद फेरीसारखी योजना आली आणि २०१४ ते २०२५ पर्यंत तर शेवटची शर्यत चौघांतली असे: जो पुढे येईल तो चॅम्पियन. त्या पहिल्याच वर्षी चौघांत कोण पोहोचला? तोच रायन न्यूमन, हंगामात शून्य विजय घेऊन. शेवटच्या शर्यतीत तो दुसरा आला, केव्हिन हार्विक पहिला. एका जागेच्या फरकाने न्यूमनचं विजेतेपद हुकलं. विजयाला मान मिळावा म्हणून सुरू केलेली योजना एकही विजय नसलेल्या माणसाला विजेतेपदाच्या दारात घेऊन आली. पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर वाढवलं असतं तरी काम झालं असतं. तो साधा उपाय सोडून त्यांनी हंगामाचाच ढाचा बदलला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मार्टिन आणि नॉरिस या दोघांबद्दल माझं मत वेगवेगळं आहे.

नॉरिसचं विजेतेपद मला पूर्ण रास्त वाटतं. ८ आणि ७ विजयांत फरक उन्नीस-बीसचा. अशा वेळी बाकीच्या रविवारी कोण कुठे आला यावर निकाल लागणं योग्यच आहे. शिवाय लास व्हेगासला दुसरा आलेला नॉरिस गाडीखालची फळी जास्त झिजल्याने अपात्र ठरला होता. तेवढं गमावूनही तो पुढे राहिला. यात तक्त्याचा दोष मला दिसत नाही.

मार्टिनने काही चुकीचं केलं असंही मी म्हणणार नाही. त्याला जे नियम दिले त्यात तो सर्वांत हुशारीने खेळला, आणि बान्याया त्या हंगामात पडलाही बऱ्याचदा. पण ११ विरुद्ध ३ एवढी दरी असताना निकाल उलटा लागतो तेव्हा तक्ता मऊ आहे हे मान्य करायला हवं. त्यात शनिवारची स्प्रिंट, म्हणजे अर्ध्या अंतराची छोटी शर्यत. मोटोजीपीत स्प्रिंट जिंकणाऱ्याला १२ गुण आहेत, रविवारच्या जवळजवळ निम्मे. दोघांनी त्या वर्षी ७-७ स्प्रिंट जिंकल्या. अर्ध्या अंतराच्या शर्यतीला अर्धे गुण हे कागदावर न्याय्य वाटतं. पण टायरची झीज सांभाळणं, शेवटच्या लॅपपर्यंत डोकं शांत ठेवणं, ही ग्रांप्रीची खरी परीक्षा अर्ध्या अंतरात होतच नाही. फॉर्म्युला वनने स्प्रिंटला पहिल्या आठांना ८ ते १ गुण ठेवले आहेत, म्हणजे विजेत्याला रविवारच्या एक तृतीयांशाहून कमी. हे प्रमाण मला बरोबर वाटतं.

‘जास्त विजय तोच विजेता’ या सूचनेला माझा विरोध आहे, आणि तो भाबडा नाही. २००९ च्या मार्चमध्ये फॉर्म्युला वनने हा नियम जाहीर केलाही होता. टीमच्या संघटनेने हरकत घेतली आणि काही दिवसांतच तो मागे घेतला गेला. बरं झालं. १९८२ चा हंगाम आठवा: १६ शर्यतींत ११ वेगवेगळे विजेते. प्रॉस्ट, लाउडा, पिरोनी, वॉटसन, आर्नू अशा पाच जणांचे प्रत्येकी २ विजय, त्याहून जास्त कोणाचेच नाहीत. विजय मोजायचे तर पाच जण बरोबरीत, म्हणजे शेवटी दुसरं-तिसरं स्थान मोजावंच लागलं असतं. चॅम्पियन झाला केके रोसबर्ग, एका विजयावर, कारण बाकी वर्षभर तो सतत पुढे येत होता. आणि दुसरी गोष्ट. फक्त विजयांना किंमत असेल तर चौथ्या नंबरवरच्या गाडीने तिसऱ्यासाठी का झगडावं? टीम गाडी आत घेईल, इंजिन वाचवेल. प्रेक्षकांनी तिकीट वीस गाड्यांचं काढलेलं असतं.

इथे लोक १९५८ पुढे करतात: स्टर्लिंग मॉसचे ४ विजय, माइक हॉथॉर्नचा १, आणि हॉथॉर्न ४२ विरुद्ध ४१ ने जगज्जेता. त्या वर्षी पोर्तुगालच्या शर्यतीत हॉथॉर्नने उलट्या दिशेने गाडी हाकल्याचा आरोप झाला होता, आणि त्याच्या बाजूने साक्ष द्यायला स्वतः मॉस गेला. हॉथॉर्नचा दुसरा नंबर कायम राहिला. मॉस पुढे कधीच जगज्जेता झाला नाही. ही हकीकत वाचून मला अजूनही मॉसबद्दल आदर वाटतो, पण तिच्यावरून गुणपद्धतीचा निवाडा करता येत नाही. तेव्हा शर्यतीतल्या सर्वांत वेगवान लॅपला एक गुण होता, सर्वोत्तम सहाच निकाल धरले जात, आणि दोघंही ते डोळ्यांसमोर ठेवूनच चालवत होते. जुने निकाल नव्या तक्त्यात घालून ‘खरा विजेता’ काढायचा खेळ इंटरनेटवर खूप चालतो. तो मनोरंजक आहे, पण त्यातून काही सिद्ध होत नाही. तक्ता वेगळा असता तर ड्रायव्हरांनीही वेगळं चालवलं असतं.

सर्वोत्तम निकाल धरण्याची ती पद्धत १९९० पर्यंत टिकली. १९८८ ला प्रॉस्टचे एकूण गुण १०५, सेन्नाचे ९४. पण १६ पैकी ११ च निकाल धरायचे असल्याने हिशेब ९० विरुद्ध ८७ झाला आणि सेन्ना जगज्जेता. प्रॉस्टवर अन्याय झाला असं म्हणणारे आजही भेटतात. मी म्हणत नाही. सेन्नाचे ८ विजय होते, प्रॉस्टचे ७. वाईट निकाल गळणार हे माहीत असेल तर शून्याची भीती कमी होते आणि उंबरठा आपोआप खाली येतो. सेन्नाच्या स्वभावाला तो नियम मानवला. आजच्या व्यावसायिक शर्यतींत मात्र मी तो आणणार नाही, कारण प्रेक्षकाला टीव्हीवर दिसणारा आकडा आणि खरा आकडा वेगळे पडतात. हौशी आणि मुलांच्या मालिकांत तो जरूर ठेवावा. तिथे एखाद्या फेरीला परीक्षा असते, एखाद्या वेळी घरच्यांना प्रवासखर्च झेपत नाही, कधी इंजिनच बसतं. एक-दोन फेऱ्या वगळायची मुभा असली तर मुलं हंगाम अर्ध्यावर सोडत नाहीत.

तक्ता कितीही काळजीपूर्वक लिहिला तरी एका जागी तो हतबल असतो, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. विजेतेपदासाठी दोघेच उरले की हिशेब स्वतःच्या गुणांचा राहत नाही, फरकाचा होतो. मी दुसरा, प्रतिस्पर्धी पहिला. ओव्हरटेक जमलं तर फरक १४ ने माझ्या बाजूला. मी एकटा बाहेर गेलो तर १८ चं नुकसान. दोघंही बाहेर गेलो तर? त्याचे २५ गेले, माझे १८. माझा ७ चा फायदा. आणि मी गुणांत आधीच पुढे असेन, शर्यत शेवटची असेल, तर टक्कर म्हणजे सरळ विजेतेपद. १९९४ ला ॲडलेडला शूमाकर एका गुणाने पुढे होता, डेमन हिलशी टक्कर झाली, दोघंही बाद, शूमाकर जगज्जेता. १९९७ ला हेरेझला तो पुन्हा एका गुणाने पुढे होता आणि जाक विलनव्हवर गाडी घातली. त्या वेळी हंगामातलं त्याचं दुसरं स्थानच काढून घेतलं गेलं. मला विचाराल तर ती शिक्षा कुठल्याही गुणतक्त्यापेक्षा जास्त कामाची ठरली. हे काम स्टुअर्डांचं आहे आणि ते आकड्यांवर ढकलू नये.

आता खालच्या नंबरांकडे. पन्नास-साठच्या दशकांत गाड्या इतक्या बिघडायच्या की सहावा येणं ही कमाई होती, म्हणून पाच-सहा जणांना गुण पुरत. आता बहुतेक गाड्या शर्यत पूर्ण करतात. अशा वेळी अकरावा आणि विसावा यांना सारखंच शून्य देणं म्हणजे ग्रिडचा (शर्यतीत उतरलेल्या गाड्यांचा) अर्धा भाग अंधारात ठेवणं. २०१३ ला मारुशिया आणि केटरहॅम या दोन टीम शून्य गुणांवर बरोबरीत होत्या. दहावं स्थान मारुशियाला मिळालं ते ज्यूल बियांकी मलेशियात एकदा तेरावा आला होता म्हणून. पुढच्या वर्षी मोनॅकोला बियांकी नववा आला, २ गुण मिळाले. मारुशियाचे हंगामातले तेवढेच गुण. त्या दोन गुणांवर टीम सॉबरच्या पुढे नवव्या स्थानावर राहिली, आणि त्या स्थानाशी बांधलेल्या बक्षिसाच्या रकमेमुळे २०१५ ला ती पुन्हा उभी राहू शकली. एवढ्या लोकांची रोजीरोटी एका रविवारवर लोंबकळत ठेवणं मला पटत नाही. वर्षभर अकरावा-बारावा येणाऱ्याला त्याचे दोन-चार गुण मिळाले पाहिजेत. बाराव्यापर्यंत गुण न्यायची चर्चा २०२४ ला झाली होती, पण लांबणीवर पडली.

बोनस गुणांबद्दल मी कडक आहे. १९५४ ला सिल्व्हरस्टोनला वेळ पूर्ण सेकंदांत मोजली जात होती. सात ड्रायव्हरांची वेगवान लॅप सारखीच निघाली आणि एका गुणाचे सात तुकडे करून वाटावे लागले. घड्याळं सुधारली, पण मूळ दोष गेला नाही. २०१९ ते २०२४ मध्ये वेगवान लॅपचा गुण पुन्हा होता. तो बहुतेक वेळा मिळायचा मागे मोकळी जागा असलेल्याला, जो शेवटी पिटमध्ये जाऊन नवे टायर घालू शकतो. २०२४ ला सिंगापूरला अठराव्या नंबरवरच्या डॅनियल रिकार्डोने शेवटी वेगवान लॅप मारली. पहिल्या दहात नसल्याने त्याला स्वतःला काही मिळालं नाही, पण नॉरिसचा एक गुण गेला. रिकार्डोची टीम रेड बुलच्याच घरची, आणि नॉरिस रेड बुलच्याच व्हर्स्टॅपनचा पाठलाग करत होता. नियमभंग झाला नाही. पण विजेतेपदाच्या शर्यतीबाहेरच्या माणसाला गुण हिरावता येतो असा नियमच कशाला? २०२५ पासून तो काढला, ते योग्य झालं.

शेवटच्या शर्यतीला दुप्पट गुण हाही तसाच प्रकार. २०१४ ला अबू धाबीला तो एकदाच झाला. लुइस हॅमिल्टन १७ गुणांनी पुढे होता. नेहमीचे गुण असते तर निको रोसबर्ग जिंकला तरी हॅमिल्टनला सहावा नंबर पुरला असता. दुप्पट गुणांमुळे दुसरा लागत होता. रोसबर्गच्याच गाडीची हायब्रिड यंत्रणा बिघडली म्हणून निकाल वर्षाला साजेसा लागला, पण उलटही घडू शकलं असतं. मार्चमधल्या शर्यतीतला घाम आणि नोव्हेंबरमधला घाम यांची किंमत वेगळी का धरायची? विजेतेपद लवकर ठरलं तर ठरू द्यावं. २०१३ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर सेबास्टियन फेटेलने चौथं विजेतेपद पक्कं केलं तेव्हा हंगाम संपायचा होता, पण मुख्य सरळीवर त्याने गाडी गरागरा फिरवली तेव्हा स्टँडमधला जल्लोष काही कमी पडला नाही.

अनेक दिवस चालणाऱ्या रॅलीतही हा घोळ झाला. २०२४ च्या जागतिक रॅलीत शनिवारपर्यंतच्या क्रमाला वेगळे गुण आणि रविवारला वेगळे अशी विभागणी केली, रविवारी गाड्या सांभाळून चालवल्या जाऊ नयेत म्हणून. स्वीडनला रॅली जिंकली एसापेक्का लाप्पीने, आणि त्याच्यापेक्षा जास्त गुण मिळाले दुसऱ्या आलेल्या एल्फिन इव्हान्सला. रॅली जिंकणाऱ्याहून दुसऱ्याला जास्त गुण, हे कुठल्याही प्रेक्षकाला समजावून सांगता येणार नाही. पुढच्या वर्षी पद्धत बदलावी लागली.

अर्धवट थांबलेल्या शर्यतींचं काय करायचं, हा मला सर्वांत जड वाटणारा भाग, कारण पावसात घाईने घेतलेल्या निर्णयावर हंगाम फिरतो. १९८४ ला मोनॅकोला मुसळधार पावसात शर्यत ३१ लॅपनंतर थांबवली. प्रॉस्ट पहिला, मागून सेन्ना झपाट्याने येत होता. अंतर पुरेसं झालं नाही म्हणून अर्धे गुण: प्रॉस्टला ९ ऐवजी साडेचार. हंगामाअखेरीस लाउडा ७२, प्रॉस्ट साडेएकाहत्तर. त्या दिवशी शर्यत पुढे चालू राहिली असती आणि सेन्नाने प्रॉस्टला मागे टाकलं असतं, तरी दुसऱ्या नंबरचे ६ मिळून प्रॉस्ट ७३ वर गेला असता. हरूनही जगज्जेता! २०२१ ला बेल्जियममधल्या स्पाला तर सेफ्टी कारच्या (धोक्याच्या वेळी सगळ्यांना हळू चालवायला लावणाऱ्या गाडीच्या) मागे दोन-तीन चकरा मारून अर्धे गुण वाटले. व्हर्स्टॅपनला साडेबारा मिळाले. त्या गाड्या शर्यतीच्या वेगाने एक लॅपही धावल्या नव्हत्या. माझ्या मते तिथे कोणालाही काहीच द्यायला नको होतं.

त्यानंतर २०२२ साठी टप्पे ठरवले: पाव अंतरापर्यंत विजेत्याला ६, निम्म्यापर्यंत १३, पाऊण अंतरापर्यंत १९, आणि किमान दोन लॅप सेफ्टी कारविना झाल्याच पाहिजेत. कल्पना उत्तम, पण शब्दरचनेने दगा दिला. त्याच वर्षी सुझुकाला ५३ पैकी २८ लॅप झाल्या. सगळे कमी गुणांचा हिशेब मांडत बसले. पण नियमात लिहिलं होतं ते थांबवून पुन्हा सुरूच न झालेल्या शर्यतीबद्दल. ही तर पुन्हा सुरू होऊन वेळेच्या मर्यादेमुळे संपली होती. म्हणून पूर्ण गुण, आणि आपण जगज्जेता झालो यावर खुद्द व्हर्स्टॅपनचाच विश्वास बसेना. २०२३ ला ते कलम दुरुस्त झालं.

शब्दांची ही किंमत मी जवळून पाहिली आहे. एका कार्टिंग मालिकेच्या शेवटच्या फेरीनंतर दोन मुलांचे गुण सारखे आले. नियमावलीत एवढंच होतं: बरोबरी झाल्यास ज्याचे विजय जास्त तो. विजयही सारखे. प्रिंटरमधून निघालेले वर्षभराचे निकाल टेबलावर पसरून आम्ही बसलो. एक जण म्हणाला, दुसरे नंबर मोजा. दुसरा म्हणाला, शेवटच्या फेरीत पुढे कोण ते बघा. तिसऱ्याचं म्हणणं, ज्याने आधी जिंकलं तो. दुसरे नंबर एकाला चॅम्पियन करत होते, शेवटची फेरी दुसऱ्याला. तेवढ्यात एका मुलाचे वडील दारात येऊन शांतपणे म्हणाले, “साहेब, यातलं नियमात काय लिहिलंय तेवढं दाखवा.” दाखवायला काहीच नव्हतं. शेवटी विजेतेपद वाटून दिलं, आणि दोन्ही घरं नाराज होऊन गेली. फॉर्म्युला वनमध्ये बरोबरी झाली की विजय, मग दुसरे, मग तिसरे नंबर असं थेट तळापर्यंत मोजत जातात. २०२१ ला व्हर्स्टॅपन आणि हॅमिल्टन दोघंही ३६९.५ वर अबू धाबीला पोहोचले, पण विजय ९-८ असल्याने दोघंही बाद झाले तर विजेता कोण हे आधीच सगळ्या जगाला माहीत होतं.

तर मी स्वतः काय देईन? वीस-बावीस गाड्यांच्या शर्यतीला हा तक्ता: ३०-२२-१७-१३-१०-८-६-५-४-३-२-१. दुसरा-पहिल्याचं प्रमाण ७३ टक्के, जवळजवळ आजच्याइतकंच. फरक पडतो तो खाली. आजच्या तक्त्यात तिसऱ्याने दुसऱ्यावर हल्ला करायचा तर १५ भागिले १८, म्हणजे ८३ टक्के खात्री लागते, विजयासाठी लागते त्याहून जास्त. म्हणूनच पोडियमच्या खालच्या दोन पायऱ्यांसाठी हल्ली फारशी झुंज दिसत नाही. माझ्या तक्त्यात तोच आकडा ७७ येतो आणि सहाव्यापर्यंत ८० च्या वर जात नाही. बाराव्यापर्यंत गुण मिळतात. पोलला (शर्यत सर्वांत पुढून सुरू करण्याच्या जागेला), वेगवान लॅपला काही नाही. मोटोजीपीने एवढं मोठं काही केलं नाही तरी चालेल; दुसऱ्याचे २० चे १८ करावेत, तिसऱ्याचे १६ चे १४, आणि स्प्रिंटला ८ पेक्षा जास्त देऊ नयेत.

आपल्याकडे मालिका चालवणाऱ्यांनी मात्र हा तक्ता जसाच्या तसा उचलू नये. एखाद्या वर्गात आठच गाड्या ग्रिडवर असतील तर बारा जणांचे गुण म्हणजे नुसती हजेरी. स्टार्ट घेणाऱ्यांपैकी साधारण ६० टक्क्यांपर्यंत गुण पोहोचावेत. पण फेरीला गाड्या कमी आल्या तर गुण कमी होणार का, हे हंगामाआधी लिहून ठेवा, त्या दिवशी ठरवू नका. २००५ ला इंडियानापोलिसला टायरच्या प्रश्नामुळे चौदा गाड्या फॉर्मेशन लॅपनंतर (शर्यतीआधीच्या सावकाश चकरेनंतर) आत गेल्या, सहाच धावल्या, आणि नारायण कार्तिकेयन चौथा आला. नियमात कपातीचं कलम नव्हतं, त्यामुळे त्याला पूर्ण ५ गुण मिळाले. फॉर्म्युला वनमधले भारतीय ड्रायव्हरचे ते पहिले गुण आहेत आणि ते त्याच्या हक्काचे आहेत, कारण तो नियमाप्रमाणे धावला आणि शर्यत पूर्ण केली.

आणि वाईट फेऱ्या वगळायची मुभा देणार असाल तर त्याच कलमात एक ओळ घाला: तांत्रिक तपासणीत किंवा शिस्तभंगासाठी अपात्र ठरलेली फेरी वगळता येणार नाही, तिचं शून्य हिशेबात धरलंच जाईल.